कोळसा तरंगवणाऱ्या पिंपाची व्यवस्था

मी, वाल्मीक रामजी शेडगे, राहणार भरे, तालुका मुळशी, पोट पाण्याने फुगले असले तरी डोके ठिकाणावर असताना, कोणाच्या दडपणाखाली न येता, माझ्यामागची व्यवस्था या कागदावर लिहून ठेवतो.

राहते घर माझी पत्नी सगुणाबाई हिला. ती हयात असेतो तिला कोणी घराबाहेर काढू नये. मागच्या खोलीतल्या पिंपाजवळ मात्र तिनेही जाऊ नये. कारण सांगतो.

पुण्याच्या एका प्रयोगशाळेत मी आणि माझा सोबती कुशाबा कोळसा कुटत असू. लोखंडी खलात भुकटी करायची, चाळायची आणि टेट म्हणतात त्या जड द्रवात सोडायची. दगड झालेल्या झाडांची राळ, पानांची साल असा हलका अंश वर तरंगे. जळक्या लाकडासारखा जड अंश तळाला बसे. थर वेगळे काढून वाळवायचे. भुकटी उडू नये म्हणून खिडक्या बंद. टेटचा वास गोड. कुशाबा पिवळा पडला, मग सुजला, मग गेला. प्रयोगशाळेच्या साहेबांनी दारूचे नाव घेतले. कुशाबाने कधी थेंब घेतला नव्हता. त्या साहेबांना माझ्या तेराव्याचे बोलावणे जाऊ नये. नोकरी सोडताना निरोपाच्या वेळी मला मिळालेले घड्याळ कुशाबाची बायको रंभाबाई हिला द्यावे.

प्रयोगशाळेने टाकून दिलेले टेटचे पिंप माझा पुतण्या हैबतराव घरी घेऊन आला. इंजिनाचे वंगण त्याने चटकन निघते. मी पुष्कळ सांगितले. तो म्हणाला, "तात्या, अत्तरावानी वास हाय. ह्यानं कुटं माणूस मरतुया?" तेव्हापासून मागच्या खोलीचे दार लोटून तो टेटनेच इंजिनाचा पंप धुतो. ते पिंप कोणी विकू नये, विहिरीत, ओढ्यात वा खाचरात ओतू नये. झाकणाला कथलाचा डाख देऊन बंद करावे.

ओढ्यालगतचे भातखाचर मी हैबतरावाच्या नावे लिहिले होते. काल तो उजेडात पुढ्यात बसला, तेव्हा त्याच्या डोळ्यांचा पांढरा भाग हळदीसारखा दिसला. मी त्याला पुण्याच्या दवाखान्यात जायला सांगितले. आज त्याचे नाव खोडून खाचर त्याची बायको जया हिच्या नावे केले आहे.

त्याने कागद मागून घेतला आणि खोडलेली ओळ वाचली. कागद घडी करून परत दिला. मग म्हणाला, "जयाला सांगू नगा."

वरील एक ओळ मीच खोडली आहे. बाकी मजकूर वाचून घेतला, तो बरोबर आहे.

सही : वाल्मीक रामजी शेडगे

साक्षीदार : नथू गोविंद पवळे
भैरू सखाराम ढमाले (अंगठा)

मुक्काम भरे, दि. १७ ऑक्टोबर १९६४