काजळाची डबी आणि मोटारीचा धूर

ता. ७ जानेवारी १९३८, जालना
शुक्रवार, निजामी सुट्टी. कापसाचे जिन बंद. सौ.ला मोटारीतून तलावापर्यंत नेऊन आणले. परत आलो तर तिचा चेहरा पांढराफटक. उतरली ती ओट्यावरच बसली. आई म्हणाली, "सातवा चालू हाय, चक्कर येणारच. डोहाळे हायेत." चिंचेची गोळी दिली. मी मोटार छपरात लावली.

जिनाच्या शेठजींनी नवी मोटार घेतली तेव्हा ही जुनी माझ्या गळ्यात पडली. खरे तर गळा मीच पुढे केला. जिनातले वाफेचे इंजिन सांभाळणाऱ्याला पेट्रोलचे काय जड, असा तोरा.

ता. ९
केदारखेड्याहून मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, निरोप. संक्रांत झाली की लेकीला बाळंतपणाला न्यायला छकडा पाठवतो. खाली कडब्याची गादी घालतो. सौ. ऐकून आत गेली.

मागल्या खेपेला अशाच गादीवरून नेली होती. राजूरच्या पुढे कळा सुरू झाल्या. आठव्यातच. मुलगी झाली. राहिली नाही.

जेवताना म्हणाली, "मी छकड्यात बसणार न्हाई. मोटारीत न्या. न्हाईतर इथंच ऱ्हाते." मोटारीत बसले की चक्कर, हे तिलाही ठाऊक, मलाही. तरी हो म्हणालो.

ता. १०
कामावरून आल्यावर मोटार चालू केली आणि थंडी म्हणून लावतो तसे बाजूचे पडदे लावून एकटाच आत बसलो. थोड्या वेळाने माझेही डोके जड. मला काही सातवा नाही.

इंजिनावरचे झाकण उघडून पाहिले. धुराचे लोखंडी नळ जिथे इंजिनाला जोडलेत (मॅनिफोल्ड म्हणतात) त्या जोडावर काजळीचा लांब फराटा. फट्‌फट् आवाज तिथूनच. धूर पायाखालच्या फळ्यांतून वर येतो. म्हणजे बिचारी इतके दिवस धूर खात होती, आणि आम्ही चिंच देत होतो.

आईला सांगितले. आई म्हणते, "मंग धुराचे डोहाळे म्हन." माघार घेईल ती आई कसली.

ता. १२
नटांवर काल घासलेट सोडून ठेवले होते. आज सुटले. एक सुटेना, त्याला पाना घालून जोर दिला तेव्हा बोल्ट तुटतो की काय असे झाले. सुटला. जोडात ताग आणि सफेदा (शिशाचा पांढरा लेप) भरून करकचून आवळला. जिनात नळ गळला की हेच करतो. सौ.ला म्हटले, झाले बघ.

ता. १३
झाले कसले. चौकापर्यंत गेलो नाही तो ताग पेटला. गल्लीभर जळक्या सुतळीचा वास. सौ. दारात, नाकाला पदर. "आधी नुसता धूर व्हता. आता होम झाला."

वाफेचा जोड ओला असतो, हा तापून लाल होतो. एवढे कळत नाही असे नाही. हात सवयीने गेले. हातांचाच राग आला.

ता. १४
संक्रांत. शुक्रवार. नळ सगळा उतरवून ओट्यावर घेतला. याचे तोंड वाकले असणार, नवे पॅकिंग (जोडात बसवायचा मऊ पत्रा) घालूनही गळेल. पाहायची रीत अशी: सपाट काचेवर काळ्याचा पातळ थर द्यायचा, त्यावर तोंड टेकवायचे. जिथे काळे लागेल ती जागा उंच. ती कानशीने घासायची. पुन्हा टेकवायचे.

काच म्हणून सौ.चा आरसा मागितला. भिंतीवरून काढून दिला. काळे म्हणून कंदिलाची काच खरवडत बसलो, पुरेना.

ती आतून डबी घेऊन आली. चांदीची, छोटी. मी ओळखली. मागल्या खेपेला बाळासाठी एरंडेलाच्या दिव्यावर ताटली धरून तिने केलेले काजळ. तेव्हापासून तशीच ट्रंकेत.

"वाळलंय. तेल घालून देते, मंग बराबर पसरल."
म्हटले, राहू दे.
"कशाला ठिवू? तिच्या डोळ्यात न्हाई गेलं. तिच्या भावंडाच्या कामी येऊ द्या."

तिनेच बोटाने काढून आरशावर लावले. अंगावर काळी चंद्रकळा, बोट काळे. मी घासत बसलो. डोळे वाहत होते ते कानशीच्या कामात खपून गेले. तिला दिसले असणार. तिळगूळ दोनदा दिला.

ता. १६
आज काजळ नळाच्या साऱ्या तोंडावर एकसारखे उमटले. फुटक्या बंबाचे तांबे लाल करून पाण्यात विझवले, मऊ केले, त्याचे पॅकिंग कापले. नट मधल्यापासून कडेला, थोडे थोडे आवळले. इंजिन तापवून पुन्हा आवळले.

फट्‌फट् गेली. सौ. आत बसली, पडदे लावून. मी तिच्या तोंडाकडे बघत.
"सारखं काय बघून राह्यले?"
बराच वेळ गेला. मग म्हणाली, "भूक लागली."
या दोन शब्दांसाठी मी आणखी दहा मोटारी खोलीन.

ता. २१
सौ.ला केदारखेड्याला पोचवून आलो. राजूर सोडल्यावर तिचे हात पोटावर. मोटार इतकी हळू घेतली की एक छकडा पुढे निघून गेला. ती जागा आली तेव्हा म्हणाली, "थांबू नका." थांबलो नाही.

दारात सासूबाई दचकल्या. "आवाजच न्हाई आला. कवा आल्ते?" निघताना सौ. म्हणाली, "आता येताना गावाखालच्या नदीपासून भोंगा वाजवत या. आधी कळायचं तरी."

ता. ९ फेब्रुवारी
घर रिकामे. आरसा परत टांगला. काठाला काजळ राहिले आहे, पुसले नाही. आई म्हणते पूस. पुसेन.

ता. २ मार्च
केदारखेड्याहून माणूस आला. आठवा सरला, ठीक आहे. मी ऐकून चहा दोन कप प्यालो.

ता. १८ मार्च
पहाटे मामांचा गडी घोड्यावर. कळा सुरू झाल्यात, सुईण बसलीय. बाकी त्याला काही ठाऊक नाही. विचारू किती.

आईने डबी राखेने घासून लखलखीत केली. म्हटले, काजळ घालतेस का? म्हणाली, "न्हाई. रिकामीच ने. तिथं नवं काजळ धरतील." आणि आत गेली, देवापाशी.

मोटार दारात चालू आहे. आवाज नाही म्हणून दोनदा जाऊन पाहिले, बंद तर नाही पडली. नाही. डबी वरच्या खिशात. नदीपासून भोंगा वाजवायचा आहे. निघतो.