ओल्या रंगाचं उत्तर

१४ जून, रविवार सकाळ

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. हे वाक्य मी दर पत्रात सवयीने लिहिते; या वेळी तपासून लिहिलं आहे. भावजींचा गुडघा कसा आहे? आमच्या स्वयंपाकघरातला नळ सुरू झाला. नवऱ्याने तो स्वतः दुरुस्त करायला घेतला, त्यामुळे प्लंबरला बोलावणं भागच पडलं.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या चिमणीला कॉलेजसाठी आमच्याकडे ठेवशील का, असं विचारलंस आणि खाली लिहिलंस, "तुझी तब्येत साथ देत असेल तरच." त्या ओळीपाशी शाईचा ठिपका आहे. पेन तिथे बराच वेळ टेकून राहिलं असावं.

खरं म्हणजे उत्तर मी त्याच दुपारी लिहिलं होतं. पानंच्या पानं. तिच्या खोलीला कोणता रंग, खिडकीत बसायला कट्टा, शिवाय मी तिला फ्रेंच शिकवणार होते. मला फ्रेंच येत नाही. नवरा चहा घेऊन आला, पानं पाहिली आणि म्हणाला, "ओलं आहे गं अजून."

"या घरात माणसानं खूशसुद्धा व्हायचं नाही का?"

"हो की खूश. वाळू दे फक्त."

मी पानं खणात टाकली आणि खण आपटून लावला.

हे ओलं-वाळणं आमच्या रंगांच्या दुकानातलं. गिऱ्हाईक जुन्या रंगाचा तुकडा आणतं, मी तसाच रंग कालवून देते. पण ओला रंग फसवतो. भिंतीवरचा वाळला की गडद होतो. म्हणून कार्डावर एक फटकारा मारायचा, वाळू द्यायचा आणि दारात, उजेडात नेऊन तुकड्याशी ताडून बघायचा. दोन वर्षांपूर्वी मी हे सोडून दिलं. मला सगळं आधीच दिसत होतं ना! एका आजोबांनी झोपायच्या खोलीसाठी राखाडी मागितला, मी त्यांना लिंबासारखा पिवळा दिला आणि वर समजावलं, की यानं तुमची उदासी जाईल. ते म्हणाले, "बाई, मला तिथे झोपायचंय, नाचायचं नाही." तेव्हा मी स्वतः आठवडाभर धड झोपले नव्हते आणि थकलेही नव्हते.

त्यानंतरची मी तू पाहिलीस. भेटायला आलीस तेव्हा भिंतीकडे तोंड करून पडले होते आणि आम्ही तुला थायरॉईड सांगितलं. बिचाऱ्या थायरॉईडवर उगाच आळ घेतला. ताई, मला बायपोलर आहे. आई म्हणायची ना, "हिचं एक तर उधाण, नाही तर ओहोटी"? आपण त्याला स्वभाव समजत आलो. त्यातला स्वभाव किती आणि आजार किती, हे मला अजूनही नेमकं सांगता येत नाही.

गोळ्या चालू आहेत, बहुधा चालूच राहतील. त्यांनी पायाखाली जमीन आली. पण त्या जमिनीवर चालायचं कसं, हे समुपदेशक बाईंकडे शिकते आहे. सुरुवातीला वाटलं, नुसत्या बोलण्याने काय होणार? त्यांनी आजाराबद्दल कमी आणि कामाबद्दलच जास्त विचारलं. मी रंगाचं सांगितलं. त्या हसल्या. "मग घरी का नाही करत हे?" तेव्हापासून मोठी कल्पना आली की मी ती वाळत ठेवते आणि झोपेवर लक्ष ठेवते. झोप उडाली तर डॉक्टरांना फोन. नवऱ्याला "ओलं आहे" एवढंच म्हणायची परवानगी, "गोळी घेतलीस का?" असं मी हसत असताना मध्येच विचारायची नाही. हा करार मी बरी असताना केला आहे, त्यामुळे चिडले तरी मोडता येत नाही.

तर मी दोन रात्री झोपले. गाढ. मग ती पानं दारात उजेडात नेऊन वाचली. फ्रेंच खोडलं. कट्टा खोडला. "येऊ दे तिला," एवढं मात्र जसंच्या तसं राहिलं. ताई, उंबऱ्यातच बसले मी. इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं. मला आनंद झाला होता, आणि तो नुसता आनंदच होता.

आता तू ठरव. चिमणीला आधी सगळं सांग, नावानिशी. कधीतरी मावशी फार बोलेल, कधी अजिबात बोलणार नाही. तेव्हा काय करायचं ते आम्ही तिला शिकवू. आणि तिची इच्छा नसेल, किंवा तुझा जीव धजावत नसेल, तर तसं लिही. मला वाईट वाटेल, पण त्यानं मी कोसळणार नाही. हेही तपासून लिहिलं आहे.

फक्त लगेच उत्तर देऊ नकोस. दोन रात्री झोप, मग लिही.

नीट झोपून उठलेली,
तुझी धाकटी