छत्तीस नंबरची तार

मी, यमुना चिंतामण मुळ्ये, वय वर्षे शहात्तर, अविवाहित, कॉलेजच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेतून निवृत्त, राहणार सुदामा नगर, इंदूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे, कारण माझा पुतण्या देवेंद्र तो मागितल्याशिवाय राहणार नाही. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. मला दाबू शकेल असे माणूस आमच्या घराण्यात जन्मलेच नाही.

१. राहते घर देवेंद्रला द्यावे. लायकी म्हणून नव्हे, तर दिवंगत भावाचा तो एकुलता एक मुलगा म्हणून. त्याच्या पत्नीने, मंजिरीने, मागच्या दिवाळीला पडद्यांच्या निमित्ताने पुढची खोली टेपने मोजून घेतलीच आहे. मापे चुकली आहेत. मी सांगितले नाही.

२. बँकेतील ठेव त्यांची मुलगी यामिनी हिच्या शिक्षणाला. काय शिकायचे ते तिने ठरवावे, आईबापांनी मध्ये तोंड घालू नये.

३. या कागदात ज्याची वेगळी वाट लावलेली नाही ते सगळे देवेंद्रचे. भंगार घेणाऱ्या कबाड्याशी घासाघीस करण्यात तो पटाईत आहे.

४. आता माझी हत्यारे. मी तारेची लेस विणते. गोल उशीवर टाचण्या टोचायच्या, फिरक्यांवर तार गुंडाळायची आणि फिरक्या एकमेकींवरून नेत वीण घालायची. मिशनच्या शाळेतल्या सिस्टरने दोऱ्याची शिकवली, तारेची मी स्वतः बसवली. नातेवाईक तिला ‘आत्याची जाळी’ म्हणतात. तार जाड असली तर वळत नाही, फार बारीक असली तर वळवताच तुटते, आणि या दोन्हींमध्ये जागा केसाएवढी. तारेचा नंबर वाढला की तार बारीक होते, हे देवेंद्रला आजही ठाऊक नाही. छत्तीस मागितली तर म्हणाला, “आत्या, मी सीधी चाळीसची आणली, जरा मजबूत राहील.” हा इंजिनियर आहे.

५. माझ्याकडे शिकायला खूप बायका आल्या आणि आठवड्याभरात पळाल्या. टिकली एकच, कस्तुरी. तिचे वडील बाबूराव घोलप विजेच्या मोटारींचे वाइंडिंग करीत, तारेतच त्यांचा जन्म गेला. अकरा वर्षे ती येत होती. नऊ वर्षांपूर्वी इथल्या लालबागच्या हस्तकला मेळ्यासाठी मी मोठी कॉलर विणायला घेतली आणि तिला छत्तीसची चांदीचा मुलामा दिलेली तार वडिलांमार्फत आणायला सांगितली. तिने आणलेली मी जाडी मोजायच्या माझ्या स्क्रूगेजने मोजली, ती चौतीस निघाली. जाड. ती म्हणाली, “मावशी, छत्तीसचीच आहे. तुमचा गेज एक बार चेक करून घ्या ना.” मग पेन्सिलीवर पन्नास वेढे लावून तिने पट्टी धरली, तर एक सेंटिमीटरही भरले नाही; चौतीसची असती तर जास्त भरली असती, असे तिचे म्हणणे. हे माप बिडीच्या दुकानातले आहे, असे मी चार बायकांसमोर म्हटले, आणि बापाने पैसे खाल्ले असतील हेही म्हटले. ती फिरक्या ठेवून गेली.

नंतर मी स्वतः बाजारात जाऊन, स्क्रूगेज लावून तार आणली. ती जागोजाग तुटली. कॉलर गेली. कस्तुरीने मेळ्याच्या तोंडावर दगा दिला, असे मी गावभर सांगितले. बाबूरावांच्या दुकानात लोक तोलूनमापून बोलू लागले, आणि चार वर्षांनी ते वारले.

६. गेल्या महिन्यात मोतीबिंदू काढल्यावर या कागदासाठी एकेक वस्तू तपासली. स्क्रूगेज रिकामे मिटवले, तर शून्य रेघेवर नव्हते. चार घरे पुढे होते, म्हणजे प्रत्येक तार आहे त्याहून जाड दाखवत होते. तिची तार छत्तीसचीच होती, मी आणलेली अडतीसची. तीस वर्षे मी पोरांच्या वह्या याच एका चुकीसाठी परत केल्या: आधी रिकाम्या यंत्राचे शून्य बघा, गाढवांनो. माझ्या यंत्राचे शून्य मी कधी बघितले नाही, कारण ते माझे होते. देवेंद्र निदान अडाणी आहे. मला ती सबब नाही. बाबूराव घोलप प्रामाणिक होते, हे मी येथे लिहून देते.

~~७. उशी, दोनशे फिरक्या व सर्व तार कस्तुरी बाबूराव घोलप हिला द्यावी.~~

कलम सात मी खोडले आहे. काल कस्तुरीला बोलावून हे सगळे वाचून दाखवले आणि हत्यारे घे म्हटले. माझे वकील यतीन सोबत होते; ते म्हणाले, साक्षीदाराने सही केली की त्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही. कस्तुरीने त्यांच्या हातातले पेन घेतले.

“मावशी, सामान राहू द्या. पप्पांचं जे लिहिलंय ना, त्याच्याखाली माझी साइन पाहिजे.”

दुसरा साक्षीदार मिळेल, असे मी दोनदा म्हटले. तिने ऐकले नाही. तेव्हा हत्यारे कलम तीनप्रमाणे देवेंद्रकडे जातील. आणखी कोणाला मी नीट शिकवलेले नाही.

सही: यमुना चिंतामण मुळ्ये

आम्हां दोघांसमक्ष, वाचून दाखवल्यावर सही केली:
१. कस्तुरी बाबूराव घोलप
२. रामभाऊ आपटे, शेजारी

इंदूर, १४ नोव्हेंबर २०२५