रजिस्टरातले एकवीस अंश

अक्का, आज ऑपरेशन थिएटरमधल्या एका मुलीने ग्लोव्ह काढून मला तिची बोटं दाखवली. नखांपाशी निळी, वर पांढरीफटक. "सिस्टर, काही धरलं तरी धरल्यासारखं वाटत नाही," म्हणाली. मी तिला सांगितलं, आतून स्वेटर घाल. एवढं बोलून वळले आणि कपडे बदलायच्या खोलीत जाऊन बाकावर बसून राहिले. हल्ली तुमच्या जागेवर मी आहे, त्याच हाडांच्या थिएटरची इन्चार्ज. इतक्या वर्षांत एसी दोनदा नवा बसला, टेबल बदललं, दिवे बदलले, आणि भिंतीपाशी उभ्या राहणाऱ्या मुलीची बोटं अजून निळी पडतात.

मी मद्रासला आले तेव्हा तमिळचं ओ की ठो कळत नव्हतं. नवऱ्याला ओरगडमच्या ट्रकच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून सोलापूरहून बिऱ्हाड उचलून वेलचेरीत आलो. तिथवर रेल्वे नुकतीच यायला लागली होती. नर्सिंगचं सर्टिफिकेट होतं, तुमच्या हॉस्पिटलने तात्पुरती म्हणून घेतलं. पहिल्या दिवशी थिएटरच्या दारात बावळटासारखी उभी होते तेव्हा आतून आवाज आला, "हिंगे ये मा." मला वाटलं, हेही तमिळच. तुम्ही हसलात. "अगे, मराठीच बोलते मी. तुमचे मराठी पेपरातले, आमचे घरातले." तुम्ही तंजावरकडच्या, तुमच्या 'हिंगे'ला आमच्याकडे 'इकडे' आणि 'सरि'ला 'बरं' म्हणतात हे मला दोन दिवसांनी उमगलं. त्या अख्ख्या इमारतीत मला माझ्या भाषेत रागावणारं एकच माणूस होतं, आणि तुम्ही रागवायलाही कमी करत नव्हता.

थिएटरमध्ये कोणाला किती गार लागतं हे तुम्ही मला पुस्तकाआधी शिकवलंत. टेबलापाशी उभं राहणाऱ्याच्या अंगावर एक्स-रेसाठी शिशाचा एप्रन, त्यावर गाऊन, डोक्यावर दिवा. त्याच्यासाठी तिथे नागपूरचा मे महिना. आणि भिंतीपाशी सुती कपड्यात उभी राहून पाकिटं फोडून देणारी जी असते, तिच्यासाठी महाबळेश्वरचा डिसेंबर. खोली एकच, एसी एकच. सर्जनला घाम आला की तो ओरडणार, आणि भिंतीपाशी गारठलेली बाई कधी ओरडत नाही, कारण तिचं कोणी ऐकत नाही. म्हणून तुमचा नियम होता: टेबलापाशी असलेल्याने एसी कमीजास्त करायचा तर आधी भिंतीपाशी असलेल्याला विचारायचं. ऑपरेशन सुरू होण्याआधी तुम्ही स्वतःच्या हाताने तापमान रजिस्टरात लिहायचा. सर्जनसुद्धा कुरकुरत का होईना, तुमच्याकडे बघून मगच बोलायचे. त्या गारठ्यात तुमची स्वतःची बोटं पांढरी पडायची. सलाइन गरम ठेवायच्या कपाटातून एक बाटली काढून तुम्ही ती दोन्ही तळव्यांत धरून उभ्या राहायचा. बोटांत जीव आल्याशिवाय पाकीट फोडायचं नाही, असं मलाही बजावायचा.

त्या दिवशी एक सिस्टर आली नाही म्हणून रजिस्टरात एकवीस अंश लिहून भिंतीपाशी तुम्हीच उभ्या राहिलात. टेबलाशी मी. एका आजींच्या मांडीच्या हाडात सळई घालायची होती. मला तीन महिने होत आले होते, कायम झाल्याचं पत्र त्या आठवड्यात मिळायचं होतं. सकाळी घाईत काही न खाता निघाले होते. अर्ध्या तासात शिशाखाली माझं अंग निथळायला लागलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले. तुम्ही दोनदा मागून येऊन माझं कपाळ पुसलंत. "पडू नोको. श्वास घे," म्हणालात. मग एक्स-रे घ्यायची वेळ आली, एप्रन नसलेले सगळे दाराबाहेर गेले, त्यांत तुम्हीही. सर्जनची नजर एक्स-रेच्या पडद्यावर, आजींच्या उशाशी भुलीचा टेक्निशियन तेवढा होता, आणि एसीचं बटण त्याच्या पाठीशी. मी त्याला हळूच म्हटलं, सतरावर आणा. त्याने दाराकडे पाहिलं. मी म्हटलं, आणा हो, अक्कांना मी सांगते.

सांगितलं नाही. तुम्ही आत आलात, मला गार वारा लागत होता, बरं वाटत होतं. तुम्ही सांगाल की पुन्हा एकवीस करा, एवढीच भीती. पाऊण तासाने सळई मागितली. तुम्ही पाकीट फोडून पुढे केलंत आणि ती माझ्या हातात यायच्या आधी तुमच्या बोटांतून सुटली. फरशीवर तिचा आवाज झाला तो मला अजून ऐकू येतो. त्या मापाची तेवढी एकच होती. ती पुन्हा निर्जंतुक होऊन येईपर्यंत आजी उघड्या जखमेने पडून राहिल्या. सर्जन जे बोलले ते मी लिहीत नाही. त्या गडबडीत टेक्निशियनने माझ्याकडे पाहिलं, मी मान हलवली, आणि त्याने एसी होता तसा एकवीसवर नेला.

आजी बऱ्या झाल्या, वॉकर धरून घरी गेल्या. चौकशी तरीही झाली. तुम्ही मेट्रनना सांगितलंत, खोली फार गार झाली होती, माझी बोटं बधिर झाली. त्यांनी रजिस्टर उघडलं. एकवीस. अक्षर तुमचंच. मग मला बोलावलं. तुम्ही खुर्चीत बसला होता, मी उभी. मेट्रननी विचारलं, खोली गार होती का? मी म्हटलं, "मला तर गरमच होत होतं, मॅडम." यात एक शब्द खोटा नव्हता. टेक्निशियन कंत्राटावरचा, त्याला कोणी विचारलंच नाही. मला त्याच शुक्रवारी पत्र मिळालं. तुमची निवृत्ती दोन वर्षांवर आली होती, आणि हात थरथरतात असा शेरा मारून तुम्हाला तळघरात पाठवलं, हत्यारं वाफेवर निर्जंतुक करायच्या खोलीत.

ती खोली मी तोवर पाहिली नव्हती. खिडकी नाही, दोन यंत्रं दिवसभर वाफ सोडतात, पंखा तीच वाफ फिरवतो. मद्रासचा मे आणि त्यात ते. जिला गारठा सोसत नव्हता तिला भट्टीत घालून लोकांना वाटलं, चला, सोय झाली. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते मी डोळ्यांनी पाहिलं. तिथल्या बायका तासातासाला बाहेर येऊन जिन्यात बसायच्या. तुम्ही बसायचा नाही. रक्तदाब होताच. दुसऱ्या उन्हाळ्यात तुम्ही यंत्रापाशी कोसळलात, मग घरी बसलात, आणि वर्ष उलटायच्या आत गेलात. मैलापूरला तुमच्या घरी मी तेराव्याला आले होते. तुमच्या भाचीने मला सगळ्यांसमोर सांगितलं, आत्या तुमचं नाव फार काढायची, माझी मराठी मुलगी म्हणायची. मी तिथे रडले. लोकांना वाटलं, केवढी माया.

आज त्या मुलीला मी स्वेटर सांगितला, कारण नवे सर्जन सतराच्या वर ऐकत नाहीत आणि मीही आता त्यांना म्हणत नाही. तुमचा नियम तुमच्याबरोबर गेला. पुन्हा आणायची माझ्यात धमक नाही, आणि कोणत्या तोंडाने आणू? रजिस्टर अजून आहे. सगळे त्यात एकवीस लिहितात, मी सही करते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही. लॉकरात ठेवीन आणि निवृत्तीच्या दिवशी फाडीन. पण इथवर लिहिताना मी मनाशी धरून चालले होते की माझा गुन्हा गप्प राहण्याचा आहे. तसं नाही, अक्का. तुम्ही तळघरात गेल्यावर महिनाभराने मी हत्यारांचा ट्रे घ्यायला खाली आले होते. तुम्ही मला स्टीलच्या पेल्यात ताक दिलंत, घाम पुसलात आणि हळूच विचारलंत, "ते दिवशी खोली गार होती की नाही, मा? की मज भास झाला?" खोलीत आपण दोघीच होतो. कायम झाल्याचं पत्र माझ्या हातात पडलेलं होतं, नोकरी पक्की होती, खरं सांगून माझं काही जाणार नव्हतं. मी ताक संपवलं आणि म्हटलं, "भास झाला असेल, अक्का. वय झालं आता." तुम्ही स्वतःच्या बोटांकडे बघितलंत आणि म्हणालात, "सरि, मा. असेल."