तिसरा थेंब

२ फेब्रुवारी

चि. चिमट्यास,
अ. उ. आशीर्वाद.

आवाज दाबता येतो, जोड दाबता येत नाही, असं अप्पा एकदा म्हणाले होते. कोणा गिऱ्हाइकाने दुसरीकडे जोडून घेतलेली नळी अप्पांचं काम म्हणून त्यांच्याच माथी मारायला आणली होती. अप्पांनी ती नुसती बोटाने चाचपली आणि परत दिली. तू समोर पकड धरून बसला होतास. त्या पकडीवरूनच तर तुझं नाव चिमट्या पडलं. गेले आठ दिवस ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहिते. पोलिसांच्या तपासणी अंगणातलं माझं काम तुला ठाऊक आहे. पकडलेली गाडी आली की नळीच्या तोंडापासून हातभर लांब, तिरकं यंत्र मांडायचं, चालकाला पाय दाबायला सांगायचं, आकडा लिहायचा. कानात बोळे घालूनही डोकं घुमतं. तुझे भावोजी म्हणतात, मी घरी साधं मीठ मागितलं तरी ते धमकीसारखं ऐकू येतं.

नव्या हुकुमानुसार आता चालकाबरोबर सायलेन्सर बदलून देणाराही दोषी. दुकानाला टाळं आणि त्याला स्वतःला कोर्टात हजेरी. माझ्या फॉर्मवर त्यासाठी एक रकाना वाढलाय : फेरबदल करणारा. म्हणून मी गाडीखाली वाकून जोड बघते. आठ दिवसांत सात गाड्या अशा आल्या, की आतले पडदे काढून सरळ पुंगळी बसवलेली, आणि जोड संपतो तिथे वितळलेल्या धातूचे तीन थेंब. अप्पांची खूण. ती तीनच माणसांना येते. अप्पांचा हात कापतो म्हणून त्यांनी काम सोडलं, आणि मी बावीस वर्षांत वेल्डिंगच्या कामाला हात लावलेला नाही. उरला कोण, तूच सांग.

सातही फॉर्मवर तो रकाना मी कोरा ठेवलाय. साहेबांनी काल विचारलं, की बाई, गाडीखाली एवढं काय हरवलंय तुमचं. बावीस तारखेला फॉर्म कोर्टात जातील. त्याआधी खरं काय ते लिही. अप्पांना नमस्कार, वहिनींना आठवण. तुझ्यावरची माया जागेवर आहे. विश्वासाचं तुझ्या उत्तरानंतर सांगेन.

तुझी ताई


७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. त्याच्या आधी दोन दिवस तुझे पोलीस पोचले होते. त्यांनी कपाट उघडायला लावलं, भंगार उपसलं, नळ्यांमध्ये बॅटरी मारून पाहिलं, काही सापडलं नाही. जाताना एक जण म्हणाला, की तुमची बहीण आमच्याकडेच आहे ना. त्याला हे कोणी सांगितलं? आधी माणसं पाठवायची आणि मागून आशीर्वाद, हे तुला बरं जमतं.

मी पुंगळ्या बसवत नाही. दुकानात तशी पाटीच लावलीय. मागच्या महिन्यात दोघे जण त्याच कामासाठी आले होते, त्यांना मी हाकललं. ते एकमेकांकडे बघून हसले आणि म्हणाले, बरं, मग दुपारी येतो. आता दुपारी एक ते चार माझं दुकान बंद असतं हे पाटीवरच लिहिलंय. मी जेवून माल आणायला जातो. त्यात हसण्यासारखं काय होतं, कोण जाणे.

तुझ्या त्या तीन माणसांपैकी एक पत्र लिहिते आणि एक ते वाचतो. राहिले अप्पा. त्यांच्या पाठीमागे पातेलं पडलं तरी ते मान वळवत नाहीत. तू आणलेलं कानाचं यंत्र खणात पडून आहे. त्यातून माणसांचं बोलणं नाही, नुसता पत्र्यांचा खडखडाट ऐकू येतो म्हणे. दिवसभर खिडकीत बसून रस्ता बघतात. हल्ली खुशीत असतात आणि जेवण नीट जातं, एवढंच समाधान.

तू पहिल्यापासून अशीच. सहावीत प्रगतिपुस्तकावर अप्पांची सही करून दे म्हणून मी तुझ्या पाया पडलो होतो. हुबेहूब यायची तुला. तू नाही म्हणालीस, वर माझ्या पेन्सिलीला टोक काढून दिलंस आणि अभ्यास कर म्हणालीस. मार मी खाल्ला. त्या पेन्सिलीसकट तुला माफ केलं होतं. आता पुन्हा विचार करावा लागेल.

तुझाच (अजून तरी),
चिमट्या


११ फेब्रुवारी

चि. चिमट्यास,
आशीर्वाद, तुला नको असले तरी.

तुमच्या रस्त्यावरच्या एकूण एक गॅरेजात पथक गेलंय, यादी मी स्वतः पाहिली. आणि तुझी बहीण पोलिसांकडे आहे हे कोणी सांगितलं म्हणून काय विचारतोस? दुकानात गल्ल्याच्या वर माझा गणवेशातला फोटो कोणी टांगलाय? उधारी मागणारे बिचकतात, असं तूच सांगत होतास.

पण म्हणून तुझं सगळं पटलं असं समजू नकोस. तुझं पत्र मी तीनदा वाचलं, आणि तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, की गाडीखाली वाकून जोड शोधते तसंच मी तुझ्या ओळींत काहीतरी शोधतेय. स्वतःची लाज वाटली. तरी चौथ्यांदा वाचलंच.

सोबत कागद पाठवते. गाडीखाली पडून जोडावर हा कागद धरला आणि वरून पेन्सिल घासली. नीट बघ. पहिले दोन थेंब ओळीत आहेत, तिसरा खाली घसरलाय. सातही गाड्यांवर असंच आहे. तुझा हात इतका वाईट कधीच नव्हता. मग हे काम घाईचं, की तू कोणाला शिकवलंस? आणि शिकवलं असशील, तर ती खूण दुसऱ्याच्या हातात दिलीस कशी? मला त्याचाच राग जास्त आला. तुझी कामाची तार आणि गॅस हल्ली लवकर संपतात का, तेही बघ.

साहेबांनी काल दोन फॉर्म स्वतःकडे ठेवून घेतले. कोरा रकानाही काहीतरी सांगतो, असं म्हणाले. आता ते माझ्याकडे बघतात तशी मी तुझ्याकडे बघते, आणि तू माझ्याकडे. यातून एकाने तरी आधी नजर खाली घ्यायला हवी. मी मोठी आहे, पण मला ते जमत नाहीये. तू लिही.

वाट पाहणारी,
ताई


१६ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझा कागद मिळाला. गॅसची टाकी बघितली. तू म्हणालीस तसंच होतं. बायकोला माल आणायला जातो सांगून निघालो, आणि दोनच्या सुमाराला दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरलो.

अप्पा होते. पुढे शिकंज्यात आवळलेली नळी, डोळ्यांवर माझा काळा चष्मा, डाव्या हाताने उजवं मनगट घट्ट धरलेलं. पहिला थेंब पडला, दुसरा पडला. तिसऱ्याला हात सुटला. शेजारी गाडीवाला हात बांधून उभा होता, मला बघून तो गळपटला. अप्पांना मी आल्याचं कळलंच नाही. त्यांनी नळी बसवली, गाडीवाल्याला खूण केली, आणि गाडी सुरू झाल्यावर बॉनेटवर तळवा ठेवून डोळे मिटले. ताई, आई गेल्यापासून त्यांचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता.

मी खूप बोललो. त्यांना अर्धंच कळलं असेल. चोरी पकडल्यासारखे ते जराही वागले नाहीत. म्हणाले, की दोन वर्षं कापसात गुंडाळल्यासारखा बसलोय, तुमचे नुसते ओठ हलतात. या गाड्या तेवढ्या माझ्यापर्यंत येतात. रस्त्याने गेली की खिडकीत बसून कळतं, ही मंगळवारची, ही शनिवारची. वर मलाच विचारलं, की ताईच्या यंत्रावर आकडा किती आला.

किल्ली काढून घेतली. त्या दिवसापासून खिडकीत बसतात, पण रस्ता बघत नाहीत. ताट अर्धं परत येतं.

तुझ्यावर संशय घेतला, त्याबद्दल मोठ्या मनाने एक चापट राखून ठेव. तुझ्या जोडाच्या परीक्षेत तू पास, मी नापास. घरात बसून मला जे दिसलं नाही, ते तू कागद घासून ओळखलंस. की तू आधीच ओळखलं होतंस, आणि तुला ते माझ्याकडून वदवून घ्यायचं होतं? असो, हा शेवटचा संशय.

आता कामाचं. दुकान माझ्या नावावर आहे, टाळं लागणारच, त्याची तयारी केलीय. पण त्या रकान्यात अप्पांचं नाव गेलं तर त्यांना कोर्टात उभं करतील. प्रश्न त्यांना ऐकू येणार नाही, आणि कोणी लिहून दाखवला तर ते छाती काढून हो म्हणतील, वर तिसरा थेंब घसरला म्हणून माफी मागतील. ते मला बघवणार नाही. तुला तरी बघवेल का?

तेव्हा सातही फॉर्मवर त्या रकान्यात माझं नाव लिही. सही करायला मी स्वतः येतो. तू काय म्हणशील ते सहावीपासून मला पाठ आहे. या वेळी पेन्सिलीला टोक काढून देऊ नकोस, एवढंच.

तुझा,
चिमट्या