हात हलवा, बाबा!

२ डिसेंबर

बसवलाच शेवटी! मला न विचारता. मी चर्चला गेलेली पाहून सूनबाईंनी न्हाणीतला गोल पिवळा बल्ब काढला आणि छताला एलईडीची पांढरी थाळी चिकटवली. माणूस आत आला की लागते, गेला की विझते. "तुम्ही दिवा तसाच ठेवून येता ना आई, आता वीज फुकट जायची काळजीच नको," — मिझुहो. गोड हसून. घर माझं, विसरभोळी मी, आणि काळजी हिला!

४ डिसेंबर

उजेड आहे की दवाखाना? सुरकुतीन् सुरकुती दाखवतो मेला.

कॉन्व्हेंटच्या वसतिगृहातल्या न्हाणीत एकच बल्ब होता. वाफेत त्याच्याभोवती सोनेरी कडं यायचं. आम्ही मुली गळाभर पाण्यात बसून स्तोत्रं गायचो. बाहेरून सिस्टर क्लोतिल्द दार ठोठावायच्या — "मुलींनो, देव बहिरा नाही!" कुठे गेल्या त्या सगळ्या?

७ डिसेंबर

वा! दिव्याची अक्कल कळली. आमच्याकडे पहिलं पाणी ह्यांचं. बाहेर बसून अंग घासायचं, मग टबातल्या कढत पाण्यात डोळे मिटून बसायचं. हलायचं नाही — हललं की पाणी चावतं. आणि दिव्याला वाटतं, आत कुणी नाहीच! गुडुप अंधार. आतून ह्यांची गर्जना — "अरे, मी आहे अजून!"

संडासातला दिवा न्हाणीत लावला हिने. विद्यापीठात शिकलेली बाई! अख्ख्या नागासाकीत असा दिवा कुणाकडे नसेल.

१२ डिसेंबर

नवा तमाशा. स्वयंपाकघरातून न्हाणीच्या दाराची धुरकट काच दिसते. ती काळी झाली की मुळा चिरता चिरता मिझुहो ओरडते — "हात हलवा, बाबा!" आतून पाणी उडतं, उजेड होतो. "हलवला गं, महामाये!" युकिहारू खो-खो हसतो. माझाच मुलगा!

सासऱ्याला अंघोळीत हाका! माझ्या सासऱ्यांच्या न्हाणीवरून मी मान खाली घालून जात असे.

बदल म्हटलं, तर म्हणते, "राहू दे ना आई. गेल्या हिवाळ्यात बाबांना टबातून उठताना घेरी आली होती. असं निदान कळतं तरी." स्वतःची चूक झाकायला माझ्या नवऱ्याची घेरी!

२२ डिसेंबर

वर्षातला सर्वांत छोटा दिवस. रिवाजाप्रमाणे अंघोळीच्या पाण्यात युझूची लिंबासारखी पिवळी फळं सोडली. त्या उजेडात तीसुद्धा प्लास्टिकची दिसली.

६ जानेवारी

जेवताना सांगून टाकलं — या घरात तो दिवा राहील, नाहीतर मी. "आई, दिव्यावरून?" — युकिहारू. मिझुहो खाली बघून म्हणाली, "घर तुमचं आहे, आई." त्या नम्रपणाला धार होती! हे सूप भुरकत म्हणाले, "मला जरा निवांत भिजू द्या रे कुणीतरी." म्हणजे माझ्याच बाजूचे.

११ जानेवारी

जिंकले! स्वतः दुकानात गेले. पिवळसर एलईडी, दमट जागेत चालणारा, वीज तिच्या थाळीपेक्षा कमी खाणारा. भिंतीवर साधं बटण. वीजच वाचवायची होती ना? घ्या! दुकानदार म्हणाला, "काकू, हा तुम्हाआम्हाला पुरून उरेल."

१२ जानेवारी

न्हाणीत सोनं सांडलंय. हे मनसोक्त बसले. हाक नाही, आरडाओरडा नाही. घराला पुन्हा रीत आली. मिझुहो मात्र चिरताना सारखी काचेकडे बघत होती. "बोटं सांभाळ," म्हटलं.

३ फेब्रुवारी

दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे भाजलेले सोयाबीन फेकून घरातली भुतं बाहेर काढली. सिस्टरांना हे चाललं नसतं. एक मूठ मुद्दाम मिझुहोच्या दिशेने फेकली. तिने एकेक दाणा वेचला.

१० फेब्रुवारी

काल हे गेले. टबातच. भात निवून गेला होता. काचेमागे दिवा छान पिवळा जळत होता — म्हणून आम्ही कुणीच हाक मारली नाही.