बस्त्यावच्या वाडीतलं इंजिन

३ जाने., शनि.
सकाळी पापडीला, बस्त्यावकडे. इंजिनाचा ब्लॉक बोअरिंगच्या वर्कशॉपमधून परत आला. बस्त्यावने ट्रॉली केळींमधून ओढली, मी मागून ढकलली. दोघांचं मिळून वय एकशे पस्तीस. मार्थावहिनी ओट्यावरून म्हणाल्या, "कोणाला तरी बोलवा हो, दोघेही इथेच आडवे व्हाल."
अमेरिकन व्ही-एट, साडेसात लिटर. भंगारात गेलेल्या स्पीडबोटीतून काढलेलं. एकवीस वर्षं यांच्या गोठ्यात ताडपत्रीखाली. गोदीत नोकरी होती तोवर वेळ नव्हता, रिटायर झालो तर घाई नव्हती. आता आहे. लिनेट, त्यांची मुलगी, कॅनडाहून व्हिसाचे कागद पाठवतेय. एप्रिलमध्ये तिचं बाळंतपण. आईबापांनी आता कायमचं तिकडेच यायचं. ब. म्हणाला, "इंजिन पाण्यात चाललं की तिकीट काढतो. त्याआधी नाही." वहिनींनी कॅलेंडरकडे पाहिलं.

११ जाने., रवि.
ब. चर्चमधल्या मिस्साहून आला तो तसाच बाह्या दुमडून बसला. पिस्टन रिंगांच्या फटी. टर्बोवाल्याला फट जरा जास्त लागते, रिंग तापून फुगते. तो घासतो, मी मोजतो. वहिनींनी विचारलं, दोन टर्बो म्हणजे काय. म्हटलं, इंजिनाचा धूर बाहेर जाता जाता एक पंखा फिरवतो, तो पंखा आत जादा हवा कोंबतो. "म्हणजे पोट भरलेल्याला परत आग्रह." याहून बरं मला सांगता आलं नसतं.
हे खूळ कुठून आलं ते आज आठवलं. पंचविशीत असू. पाचूबंदरच्या एका मच्छीमार बोटीचं डिझेल बंद पडलेलं, आम्ही दोघं भर समुद्रात ते खोलून बसलेलो. शेजारून स्पीडबोट गेली. नुसता आवाज आणि पांढरा पट्टा. तिच्या लाटेने आमचा डबा उलटला, चपाती-भाजी समुद्रात. ब. उभा राहून बघत राहिला. "सदा, आपण अशी एक बांधायची." तेव्हा वाटलं होतं, फार तर दोन वर्षं.

१८ जाने., रवि.
सिलिंडरांवर हेड चढले. बोल्ट मधल्यापासून कडेकडे आवळत, तीन टप्प्यांत. ब. पाना ओढतो, मी आकडा म्हणतो. गोदीतही असंच. कामाच्या वेळी कधी भांडलो नाही, चहाच्या वेळी भरपूर.
हिराजीनाना येऊन गेले. हे इंजिन जिच्यात बसायचं ती बोट त्यांनी पाचूबंदरला बांधून तयार ठेवलीय. इंजिनाभोवती एक फेरी मारली. "पानी कापायचा हाय का उडवायचा हाय?" ब.ला हे इतकं आवडलं की दिवसभर तेच.

२६ जाने., सोम.
पहिल्यांदा सुरू करायचं. टर्बो न लावताच, आधी रिंगा नीट बसू देत. मी नारळ फोडला. वहिनींनी मेणबत्ती लावली, ती मी पेट्रोलपासून वीस पावलं लांब नेऊन ठेवली. ब.ने किल्ली फिरवली. कार्बोरेटरमधून ठो. माझी डावी भुवई गेली.
चूक माझी. आमच्या त्या बोटींच्या डिझेलला एक नंबरचा सिलिंडर फ्लायव्हीलकडून, म्हणजे मागून मोजायचा. याला पुढून. मी प्लगच्या आठही वायरी फ्लायव्हीलकडून मोजून लावल्या. जित्याची खोड. ब.ने वायरींवरून बोट फिरवलं आणि हसला. मग हसायचा थांबला. "मुद्दाम केलंस?"
नाही म्हटलं. खरंच नाही. पण त्या धक्क्याने स्टार्टरही मोडला, दुसरा यायला आठवडा, आणि ते ऐकून मला बरं वाटलं. हे फक्त इथे लिहितो.

४ फेब्रु., बुध.
चालू झालं.
आधी खोकलं, दोन सिलिंडर मागे राहिले, मग एकेक करत आठही आले. गोठ्याची कौलं थरथरत होती. इतक्या जवळून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. ब. बाहेर जाऊन डोळे पुसत होता, म्हणे धूर गेला. धूर दुसऱ्या बाजूला होता. मी सरळ रडलो.
वहिनी खूश. लगेच लिनेटला फोन. "चालू झालं गं, आता येतोच."
घरी आलो तरी कानात तेच. तो गेला की पापडीला कोणाकडे जाऊ? सुमन गेली, घरात एकटा उरलो, तेव्हापासून सहा वर्षं त्या गोठ्याने सांभाळलं मला. माणिकपूरच्या माझ्या फ्लॅटमध्ये पाना टेकवायचा तरी कशाला?

१२ फेब्रु., गुरु.
दोन्ही टर्बो चढले. उजव्याचा तेलाचा पाईप सापडत नाही. वीतभर, स्टीलचा, मी स्वतः वाकवलेला. तेल न जाता इंजिन फिरवलं तर टर्बोचं बेअरिंग मिनिटभरात जळेल. सगळा गोठा उपसला. ब. माझ्याबरोबर शोधत होता, केळीच्या बुंध्यांतसुद्धा.
म्हटलं, नवी नळी आणतो. "घाई काय आहे? मिळेल."
गोदीतल्या इतक्या वर्षांत या माणसाच्या हातून एक वॉशर हरवला नाही.

१५ फेब्रु., रवि.
गेलो तेव्हा ब. मासळी आणायला गेलेला. वहिनींनी स्वयंपाकघरात बोलावलं. तांदळाच्या पिंपात कोपरापर्यंत हात घातला आणि पाईप काढला.
"कोणी ठेवला, तुम्ही की त्यांनी?"
मी ठेवला नव्हता, पण तसं म्हटलं तर नाव त्याचंच उरतं. त्यांनी पाईप पुसला, माझ्या हातात दिला. "लिनेटचं पहिलंच आहे, सदाभाऊ. तिच्याजवळ कोणी नाही. मला जायचंय. त्यांना मी काही बोलले नाही, तुम्हीच बघा."
ब. बांगडे घेऊन आला. तिघं जेवलो. त्याने विचारलं, नळी मिळाली का. म्हटलं, रविवार, दुकान बंद. त्याने हळूच मान हलवली आणि माझ्या पानात आणखी एक बांगडा वाढला. वहिनी ताटाकडे बघत होत्या.
पाईप आता माझ्या टेबलावर, वर्तमानपत्रात गुंडाळलेला. फुंकून पाहिला. एक तांदूळ अडकला होता, तो काढला. उद्या पापडीला जायचंय. दोन नट, दहा मिनिटांचं काम.